मागे चालणारीचं गाणं

पूर ओसरला, पण जाताना नावेची तार घेऊन गेला. नदीच्या या काठाला गाव आणि त्या काठाला शाळा, दवाखाना, बाजार, अशी उलटी मांडणी कुणी केली ते देव जाणे. पण वर्षानुवर्षं माणसं नावेत बसत आणि नावाडी काठापासून काठापर्यंत बांधलेल्या तारेला धरून नाव पलीकडे ओढत नेई. नवी तार शहरातून यायला अडीच महिने लागणार होते. तोवर चालवून घेऊ म्हणून नावाड्याने नायलॉनचा दोर बांधून पाहिला. तो प्रवाहात असा ताणत गेला, की मधोमध पोचलेली नाव चांगली दहा हात खाली वाहिली, आणि दोन बायका आणि एक शेळी गळ्यापर्यंत भिजून परत आल्या. बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, शेळी काही आली नाही.

मग नावाडी दोरवाल्यांच्या दारात आला. आला तो एकटा नाही, सोबत गावच्या कमिटीच्या अध्यक्षांना घेऊन आला.

दोरवाल्यांचं घर म्हणजे तीन खोल्या आणि मागच्या दाराला लागून एक लांबच लांब वाट. दोनशे पावलं लांब, आठ पावलं रुंद, आणि आखल्यासारखी सरळ. दाराशी दोर वळायचं लाकडी चाक, पार टोकाला जमिनीत ठोकलेला एक खुंटा, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. शेतात रोज एकच जण चालला की पायवाट पडते, तशी या वाटेच्या मधोमध एक उथळ चर पडला होता. घरात माणसं चार. आबा, वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ अधू, कानांनी ठणठणीत, जिभेने त्याहून ठणठणीत. त्यांची मुलगी थोरली, साठीची, नवरा गेल्यावर पंधरा वर्षांपूर्वी माहेरी परत आलेली. तिचा भाऊ धाकटा, आणि धाकट्याची बायको. धाकट्याचं पलीकडच्या बाजारात दुकान होतं आणि त्या दुकानात तो काय विकत होता, तर नायलॉनचे दोर. थोरली म्हणे, सुताराच्या पोराने प्लास्टिकच्या खुर्च्या विकाव्यात तसं आहे हे. धाकटा म्हणे, ताई, लोक खुर्चीवर बसतात, तुझ्या अभिमानावर नाही.

तरी घरात दोर वळला जात होताच. थोरली रोज सकाळी चार-सहा लहान दोर वळी, गुरांच्या गळ्यातले, विहिरीवरचे, झोपाळ्याचे. तीस-चाळीस पावलांच्या वर तिला जावंच लागत नसे. मोठा दोर, पूर्ण वाट लागणारा, या घरात शेवटचा वळला त्याला पन्नास वर्षं होत आली होती.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांना आठवडाभर गावात शिरणाऱ्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, आणि ही वाट त्यांच्या डोळ्यांत कधीची भरली होती. वाट कुणाच्या नावावर नव्हती. जुन्या दफ्तरात एवढंच लिहिलेलं होतं, की गावाच्या उपयोगाचा दोर वळला जातो तोवर ती दोरवाल्यांकडे राहील. अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, गेल्या पन्नास वर्षांत गावासाठी एक तरी दोर वळला का तुम्ही?

"गावाने मागितला का?" थोरली म्हणाली.

यावर अध्यक्षांना हसू आलं, आणि हसले म्हणून जरा नरमले. शेवटी ठरलं ते असं. पंधरा दिवसांत दोरवाल्यांनी नावेचा तागाचा दोर करून द्यायचा. भरलेली नाव त्याने पेलली, तर वाट कायमची त्यांची, तसं मीटिंगमध्ये लिहून घ्यायचं. नाही पेलली, तर सोळाव्या दिवशी वाट गाड्यांना मोकळी. धाकट्याने खाली बघितलं. थोरलीने मान हलवली आणि हो म्हटलं. त्याच क्षणी अध्यक्षांचा फोन वाजला, आणि फोनवर वाजलं ते थोरलीच्या आईचं गाणं.

मागे मागे चालते मी, दार माझ्यापुढे,
पाऊल पडे लांब लांब, डोळे घराकडे.

आता हे गाणं कुणाला माहीत नाही? लग्नात मुलगी निघाली की बँडवाला तेच वाजवतो. सैन्यात जाणाऱ्या पोराला स्टेशनवर सोडायला आलेले लोक तेच म्हणतात. अंगाई म्हणून ते चालतं, सिनेमात दोनदा येऊन गेलं, केसांच्या तेलाच्या जाहिरातीत एक बाई ते म्हणत मागे मागे जात आरशावर आपटते. एका मुलाने गिटार घेऊन ते इतकं सावकाश म्हटलं की ऐकणाऱ्याला जांभई यावी, आणि त्यावरच लोक जास्त रडले. एका प्राध्यापकाने लेख लिहून ते चारशे वर्षं जुनं असल्याचं सिद्ध केलं. तो लेख कुणीतरी आईला वाचून दाखवला तेव्हा ती ताग विंचरता विंचरता म्हणाली होती, म्हणजे मी बरीच टिकले म्हणायची.

गाणं तिचंच होतं. थोरली बारा वर्षांची असताना एक रेडिओवाला मोठं टेपचं खोकं घेऊन गावोगाव हिंडत आला होता. कामाची गाणी गोळा करत होता. आई उपड्या टोपलीवर बसली आणि तिने दोन कडवी म्हटली. दुसरं असं होतं:

धरशील तर ताणून धर, ढिला धागा तुटे,
तुझं टोक तुझ्या हाती, माझं कुठे सुटे?

झालं का, असं त्याने विचारलं. इथे बसून होतं ते एवढंच, असं आई म्हणाली. त्याने खोकं मिटलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला. सहा महिन्यांनी शहरातल्या एका गायिकेच्या गोड गळ्यातून गाणं परत आलं, आणि मग ते कुणाला आवरेना. तबकडीवर रचना कुणाची या जागी छापलेलं होतं, पारंपरिक. आईला त्याचं काही नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर पिकवणाराच बाजारात गेला नव्हता. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली. जायच्या आदल्या आठवड्यातही ती थोरलीला जवळ घेऊन हसत होती तेव्हा तिच्या समोरच्या दाताची खाच दिसत होती. थोरलीला लहानपणापासून ती खाच आवडायची. का पडली ते तिने कधी विचारलं नव्हतं. आईच्या बाबतीत माणूस विचारत नाही, असतंच ते.

थोरली मात्र हे गाणं चारचौघांत कधी म्हणत नसे. कुणाच्या लग्नात ते सुरू झालं की ती उठून भांड्यांकडे जाई. आपल्या आईची साडी दुसरीने नेसलेली दिसावी, तसं तिला व्हायचं. ती म्हणायची फक्त कामाला, चाक फिरताना. तिथे ते गाणं नव्हतंच, माप होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. धाकट्याने दुकान बंद ठेवलं, हे त्याने बोलून दाखवलं नाही आणि थोरलीनेही काढलं नाही. भावजय खिळ्यांच्या फळीवर ताग विंचरायला बसली. तागाची धूळ नाकात, कानात, भाकरीत सगळीकडे जाई, आणि मानेला अशी खाज सुटे की ती बिचारी पदराने घासून घासून लाल झाली. विंचरलेला ताग थोरली कमरेभोवती गुंडाळायची, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायची आणि दाराकडे तोंड करून मागे मागे चालायला लागायची. धाकटा चाक फिरवायचा. ती बोटांनी थोडा थोडा ताग सोडत जायची आणि तिच्या हातून चाकापर्यंत सूत तयार होत जायचं. दोनशे पावलांचं एक सूत. अशी छत्तीस सुतं लागणार होती. मग बारा-बारा सुतांचे तीन पदर, आणि तीन पदरांचा एक दोर.

चाकाकडून टोकाचं माणूस नीट दिसत नाही, आणि चाकाच्या करकरीत हाकही पोचेलच असं नाही. म्हणून गाणं. एकटी हाक निसटते, सलग चाललेलं गाणं कान धरून ठेवतो. गाण्याच्या ठेक्यावर थोरलीची पावलं, त्याच ठेक्यावर धाकट्याचे हात. दुसरं कडवं संपलं की थोरली टोकाच्या खुंट्याशी, आणि धाकट्याने चाक थांबवायचं. लहान दोराला पहिलंच कडवं पुरे व्हायचं. मोठ्याला दोन्ही, हे दोघांना कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यात शिकवण्यासारखं होतं काय? सगळं जग दोन कडवी म्हणत होतं.

आबा दाराशी खाटेवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. चाक जड फिरतंय, तेल घाल. सूनबाई, ताग ओला कर जरा, नुसता कोरडा भुसा उडतोय. धाकट्याने एकदा वैतागून म्हटलं, की आबा, आता नव्या पद्धती आल्यात. त्यावर भावजय नवऱ्याला हळूच म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि कुणाबद्दल म्हणाली ते दोघा पुरुषांना कळलं नाही, दोघेही आपापल्या जागी खूश झाले.

दिवसाला नऊ सुतं व्हायची. चौथ्या दिवशी थोरलीच्या पोटऱ्या दगड झाल्या. मागे चालणं हे दिसायला काहीच नाही. पण टाच आधी टेकवायची, खड्डा पायानेच ओळखायचा, आणि डोळे हातातल्या तागावरून हलू द्यायचे नाहीत. संध्याकाळी ती पाय पाण्यात सोडून बसायची तेव्हा तिला आई तशीच बसलेली आठवायची. तोच घंगाळाचा काठ, त्याच टाचा, भेगा पडलेल्या. तेव्हा थोरली शेजारी बसून आईच्या पायांवर पाणी घालायची आणि आई डोळे मिटून घ्यायची. आपल्याला तेव्हा तो खेळ वाटला होता, हे आठवून तिला भरून आलं. आता तिच्या पायांवर कुणी पाणी घालत नव्हतं. मग एका संध्याकाळी भावजयीने तांब्या उचलला.

नवव्या दिवशी दोर तयार झाला. दिसायला असा देखणा, की बघायला येणारे हात लावून जात. दहाव्या दिवशी सकाळी नावाड्याने तो दोन्ही काठांच्या झाडांना बांधला आणि नावेत दगडांची पोती भरली. काठावर गाव जमला होता. नाव निघाली, अर्ध्यावर पोचली, आणि पलीकडच्या काठाकडचा दोर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सैल व्हायला लागला. तुटला नाही. तीन पदर एकमेकांपासून सुटत गेले, गाठ सुटलेल्या वेणीसारखे. नावाडी शहाणा, त्याने वेळीच नाव मागे ओढली.

कुणीतरी मागून म्हणालं, गाणं बरं आहे यांचं, दोराचं सोडा. दोघं-तिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते थोरलीजवळ येऊन म्हणाले, प्रयत्न केलात, तेही कमी नाही. थोरलीला ते हसणं सोसलं असतं, हे सोसलं नाही. तिने दोर गुंडाळायला घेतला. तो एवढा जड की तिला आणि धाकट्याला मिळून तो चार वेळा खाली ठेवावा लागला, आणि गावाच्या मधून घरी येईपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

दुपारी ती दोर वाटेवर पसरून त्याच्याशेजारी मातीतच बसली. पाच दिवस उरले होते. नवा ताग आणून नवी सुतं काढायला नऊ दिवस लागतात, हे हिशोब करून सांगायची गरज नव्हती. धाकटा घरात जाऊन आडवा पडला होता. थोरलीला रडायलाही येईना. वाट गेली, हे तिने मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी तिला वाट दिसायच्या ऐवजी आईच दिसली, कमरेला ताग गुंडाळून मागे मागे लहान होत जाणारी.

आबांनी हाक मारली, मला तिथे ने. ती त्यांना धरून घेऊन आली. म्हातारा वाकला, दाराकडचं टोक हातात घेतलं आणि दोरावरून बोटं फिरवत पुढे निघाला. शंभर पावलांपर्यंत चांगला गेला. मग बोटं थांबायला लागली. टोकाशी पोचला तेव्हा त्याने दोर खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"शेवटचं कडवं म्हटलं नाहीस," आबा म्हणाले.

"दोन्ही म्हटली की, आबा. प्रत्येक सुताला."

"तिसरं."

थोरलीने त्यांच्याकडे नीट बघितलं. वय झालं की माणूस असं काहीतरी बोलतो, असं तिला वाटलं. तिसरं कडवं नाहीच आहे, सगळ्या जगाला दोन माहीत आहेत, असं ती समजुतीने सांगायला लागली. आबांनी तिला मध्येच थांबवलं. जगाला काय माहीत, म्हणाले, ते कडवं जगाने ऐकलेलंच नाही. मग ते खुंट्याला टेकून बसले. जवळपास कुणी नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

गोष्ट अशी होती. थोरली दोन वर्षांची असतानाची. घरी पाहुणे आले होते, आबांच्या बाजूचे. मोठा दोर चाललेला पाहून ते चकित झाले. एकाने विचारलं, यात वहिनींचं काम काय? आणि आबा म्हणाले, हिचं काय, हिला नुसतं मागे चालायचं असतं. सगळे हसले. आईने सगळ्यांना पाणी दिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आबांशी बोलायची बंद झाली. चाळीस दिवस. पूर्वी ती टोकाशी पोचली की हात हलवून, ओरडून थांब म्हणायची. आता ना हात, ना हाक. आबा चाक फिरवत राहायचे, सुताला पीळ जास्त बसून ते तुटायचं. तीनदा तुटलं. चौथ्यांदा ती चालताना गायला लागली. मागे मागे चालते मी. गाणं थांबलं की चाक थांबवायचं, हे आबांना न सांगता कळलं. ते गाणं त्यांच्यासाठीच होतं आणि ते त्यांना झोंबत होतं.

"पण गाणं संपलं म्हणून चाक थांबवलं, की टोकाकडचं सूत ढिलं राही. पीळ दोनशे पावलं चालत जायला वेळ घेतो. तिला ते माहीत होतं, मलाही. पण सांगणार कोण? ती बोलत नव्हती, मी विचारत नव्हतो. मग ती टोकाशी पोचली की सूत दातांत धरायची, खुंट्याला गाठ मारायला हात मोकळे हवेत म्हणून. आणि तोंड बंद ठेवून तीच चाल गुणगुणायची."

"दोनशे पावलांवरून? तुम्हाला ऐकू यायचं?"

"ऐकू नाही यायचं." आबांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "ताणलेल्या सुतावर बोट ठेवलं की बोटात यायचं. मुंग्या आल्यासारखं. ते थांबलं की मी चाक थांबवायचो. ते माझ्याशिवाय कुणाला कधी कळलं नाही."

थोरलीला एकदम ती खाच आठवली. समोरच्या दाताची. तिने स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

आबा आता थांबायला तयार नव्हते. सुरुवातीला मला वाटायचं सुतातून शिव्या देतेय, म्हणाले. चाळीस दिवसांनी ती एकदा पाणी भरून ठेवा एवढंच म्हणाली आणि बोलणं सुरू झालं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. गाणं मात्र तिने सोडलं नाही, ते गुणगुणणंही नाही. मग पुढे पुढे ते शिव्यांसारखं लागेना. आपण सकाळी कधी चाकाशी बसतो, असं व्हायला लागलं. माफी मागायची तेवढी राहिली. आज मागू, उद्या मागू म्हणेपर्यंत रेडिओवाला आला, आणि गाणं इतकं मोठं झालं, की त्याच्याबद्दल माफी मागायची म्हणजे चारचौघांत कपडे काढल्यासारखं. ओळखीच्या जुन्या लोकांनी मला हार घातले, थोरले. काय प्रेम असेल म्हणायचे दोघांचं. मी मूग गिळून बसायचो. ती बायकांत बसून हसायची.

थोरलीला आधी राग आला, चांगला कडकडीत. पन्नास वर्षं लोकांनी आईच्या रागावर डोळे पुसले आणि हा माणूस हार घालून घेत बसला. मग तिला तेलाच्या जाहिरातीतली बाई आठवली, आणि ते चारशे वर्षांवाले प्राध्यापक, आणि तिला असं हसू फुटलं की आवरेना. हसता हसता ती रडायला लागली. आबांना दिसत नव्हतं, त्यांना वाटलं ती अजून हसतेय, म्हणून तेही जरासे हसले.

"चला," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमचं बोट पाहिजे मला."

नवी सुतं काढायची गरज नव्हती. सूत तेच होतं, त्याला फक्त टोकापर्यंत पीळ पोचला नव्हता. दोर उकलला, छत्तीस सुतं सुटी केली, आणि एकेक सूत पुन्हा आकड्याला अडकवून थोरली ते धरून मागे चालायला लागली. आबांना चाकाजवळ चौरंगावर बसवलं. त्यांनी बोट सुतावर ठेवलं. धाकट्याचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण दहा दिवसांपूर्वी त्याने दुकान बंद ठेवलं होतं तेव्हापासून तो बहिणीला नाही म्हणायचं विसरला होता.

पहिल्या सुताला दुसरं कडवं संपलं, थोरलीने सूत दातांत धरलं आणि गुणगुणली. तिला कसंतरीच वाटलं. ओठांना ताग खाजत होता, घशातून आवाज नीट निघेना. तिकडून भावजय ओरडली, आबा म्हणतायत येत नाही, ताण. थोरलीने मान मागे घेतली, दात आवळले, पाय रोवले. आता आवाज तिच्या दातांतून, जबड्यातून निघून जाताना तिला स्वतःलाच जाणवला. सूत थरथरत होतं. चाक फिरत राहिलं. अख्ख्या कडव्याएवढं ती गुणगुणली, कारण तेवढंच बरोबर वाटलं, आणि थांबली. त्याच क्षणी चाक थांबलं.

नंतर भावजयीने तिला सांगितलं. म्हणाली, ताई, ते पहिल्यांदा आलं ना, तेव्हा आबांनी दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट धरला आणि आलं म्हणाले. एवढंच. पण दुसऱ्या सुतापासून बोट असं हळू ठेवायला लागले, जसं काही ते सूत नव्हेच.

चार दिवसांत छत्तीस सुतं पुन्हा पिळली, पदर केले, दोर वळला. थोरलीच्या खालच्या ओठाला चीर पडली आणि जेवताना झोंबायला लागली. पंधराव्या दिवशी सकाळी नावाड्याने दोर बांधला आणि पोती भरली, मागच्यापेक्षा चार जास्त, कारण त्यालाही मागच्या वेळचं लागलं होतं. नाव मधोमध गेली, तिथे प्रवाहात थांबली, आणि तो मुद्दाम दोराला लोंबकळून उभा राहिला. दोर कण्हला, आवळला, आणि तसाच राहिला. मग त्याने माणसं घेतली. मग भिजलेल्या त्या दोन बायका. शेळी आणली होती, पण ती काठावरच चार पाय रोवून उभी राहिली.

अध्यक्षांनी त्याच दिवशी मीटिंगमध्ये लिहून घेतलं आणि कागदाची नक्कल स्वतः घरी आणून दिली. धाकट्याने कागद तीनदा वाचला आणि दुकानाच्या कपाटात न ठेवता आईच्या जुन्या डब्यात ठेवला. जाताना अध्यक्ष म्हणाले, तुमच्या आईंनीच हे गाणं केलं असं ऐकलं, खरं असेल तर वाटेवर पाटी लावू. कशावर सुचलं त्यांना, तेही लिहू. थोरलीने आबांकडे बघितलं. आबांनी घसा साफ केला.

"लिहा," म्हणाले, "नवऱ्यावरच्या रागातून."

अध्यक्षांना तो विनोद वाटला. ते हसत हसत गेले, आणि दारातून बाहेर पडता पडता त्यांचा फोन वाजला. त्या दिवशी थोरली उठून आत गेली नाही. तिने दोन्ही कडवी शेवटपर्यंत ऐकली. कुण्या मुलीचा आवाज होता, कोवळा. बरं म्हणते पोर, तिला वाटलं. गिटारवाल्यापेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी काम नव्हतं. सकाळचं कोवळं ऊन वाटेवर पसरलं होतं आणि थोरली अंगणात पोटऱ्यांना तेल लावत बसली होती. आबा काठी टेकत मागच्या दाराशी आले. त्यांनी काठी दाराला टेकवून ठेवली आणि तिला म्हणाले, माझ्या मागे उभी राहा, मला पडू देऊ नकोस. कुठे जायचंय, तिने विचारलं. आबांनी तोंड दाराकडे केलं, दोन्ही हात पोटापाशी धरले, कमरेला ताग असल्यासारखे, आणि एक पाय मागे टाकला.

टाच टेकेना. आधी चवडा, मग टाच, मग पुन्हा तोल. थोरली त्यांच्या पाठीशी हात पसरून सरकत होती, आणि पावलं मोजत होती. वीस झाली तेव्हा त्यांना धाप लागली. चाळीसला पाय चराच्या काठावर पडला आणि मुरगळता मुरगळता राहिला. थांबू या का, तिने विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. साठला पाय लटपटायला लागले. सत्तरला ते मातीत बसले आणि पोटऱ्या चोळायला लागले.

"ती दिवसातून किती वेळा जायची?"

"मोठा दोर असला की नऊ-दहा वेळा," थोरली म्हणाली.

आबा पोटऱ्या चोळत राहिले. दाराच्या दिशेला तोंड करून बसले होते, दार त्यांना दिसत नव्हतं. मग त्यांनी उठायला तिच्याकडे हात केला.

"किती राहिली?"

"एकशे तीस."

"उद्या," आबा म्हणाले.